कुंडीतलं फळझाड मलूल झालंय? आधी मुळं बघा

कुंडीतली माती ओली आहे, ऊनही बेताचं आहे, तरी स्ट्रॉबेरीची पानं दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी सावरत नाहीत. नवखा माणूस अशा वेळी आणखी पाणी घालतो. मग खत. मग कुणीतरी सांगितलेलं बुरशीनाशक. शेवटी एके दिवशी रोपाला सहज हात लावावा तर ते डोक्यावरची टोपी उचलावी तसं अलगद वर येतं, आणि खाली मुळंच नसतात.

थंड आणि समशीतोष्ण हवेत कुंड्यांमध्ये फळझाडं लावणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रसंग बऱ्याचदा येतो. त्यामागे असतो एक काळा, उडता न येणारा भुंगेरा: व्हाइन वीव्हिल, शास्त्रीय नाव ओटिओऱ्हिंकस सल्कॅटस. सोंडकिड्यांच्या कुळातला आहे, म्हणून पुढे मी त्याला सरळ सोंड्याच म्हणते. मूळचा युरोपातला, पण रोपांच्या मातीतून प्रवास करत उत्तर अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडपर्यंत पोचला आहे. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, रास्पबेरी, करंट (छोट्या आंबट फळांचं झुडूप), द्राक्ष ही त्याची आवडती फळझाडं. त्यातही कुंडीतली, कारण भुसभुशीत माती-मिश्रणात त्याच्या अळीला फिरायला सोपं जातं आणि झाडाला मुळं पसरायला दुसरी जागा नसते. जमिनीतल्या मोठ्या झाडाची थोडी मुळं गेली तर ते निभावून नेतं. कुंडीतल्या झाडाकडे तेवढी शिल्लक नसते.

नवख्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. भुंगेरा दिसतो पानांवर, पण झाड मरतं मुळांपाशी. आणि मुळांतल्या अळीला गाठायचं तर वर्षातले ठरावीक आठवडेच हाताशी असतात. बाकी सगळे उपाय या दोन गोष्टींभोवती फिरतात.

पायरी १: रोप कुंडीतून बाहेर काढा

पानं बघून अंदाज बांधत बसू नका. खाली जुना कागद किंवा मोठं ताट ठेवा, कुंडी आडवी करा, तळाशी हलकेच थापटा आणि मुळांचा गड्डा अख्खा बाहेर काढा. मोठी कुंडी असेल तर खोडाजवळची वरची चार बोटं माती उकरून पाहिली तरी बरंच कळतं.

शोधायची आहे ती अळी: मळकट पांढरी, वाकून इंग्रजी सी अक्षरासारखी झालेली, डोकं तपकिरी, आणि पाय अजिबात नाहीत. पूर्ण वाढलेली अळी साधारण १ सेंटिमीटरची. पाय नसणं ही खूण महत्त्वाची आहे, कारण याच मातीत हुमणीही सापडू शकते. हुमणीची अळी तशीच वाकडी आणि पांढरी, पण तिला डोक्यामागे सहा पाय स्पष्ट दिसतात आणि ती वाढली की बरीच मोठी होते. दोघींवर वापरायचे सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे मातीतले सूक्ष्म जंत, पायरी ५ बघा) वेगळे असतात, त्यामुळे इथे गफलत झाली तर पैसे आणि हंगाम दोन्ही वाया जातात.

आणखी एक गोंधळ हमखास होतो. विकतच्या रोपाच्या मातीत पिवळसर किंवा तपकिरी गोल मणी दिसतात आणि लोक घाबरून ‘अंडी सापडली’ म्हणतात. ते बहुतेक वेळा सावकाश विरघळणाऱ्या खताचे दाणे असतात. बोटात धरून दाबला की दाणा फुटतो आणि आतून पाण्यासारखा द्रव येतो. सोंड्याची अंडी १ मिलिमीटरपेक्षा लहान असतात. घातल्यावर पांढरी, नंतर तपकिरी होतात आणि मातीच्या कणांत मिसळून जातात. साध्या डोळ्यांनी ती शोधण्याचा नाद सोडलेला बरा.

मुळांकडेही नीट बघा. अळी आधी केसांसारखी बारीक मुळं खाते, मग जाड मुळांची साल सोलते आणि शेवटी खोडाच्या बुंध्याशी येऊन साल गोलाकार कुरतडते. ब्लूबेरीच्या बाबतीत हे लवकर जिवावर बेततं. तिची मुळं मुळातच बारीक आणि उथळ असतात आणि त्यांवर मूलरोमही (पाणी शोषणारे सूक्ष्म केस) नसतात. बुंध्याची साल सगळीकडून गेली असेल तर ती फांदी वाचत नाही.

मुळं पांढरी, भरपूर आहेत आणि अळी एकही नाही? मग तुमचं दुखणं वेगळं आहे. निचरा, पाणी, कुंडीचा आकार यांकडे वळा आणि हा लेख पुढच्या वर्षासाठी ठेवा.

पायरी २: पानांवरची खूण वाचा

प्रौढ सोंड्या सुमारे १ सेंटिमीटर लांब, निस्तेज काळा. पाठीवर मळक्या पिवळ्या रंगाचे बारीक ठिपके असतात, तोंड पुढे आखूड सोंडेसारखं निघालेलं आणि मिशा कोपरात वाकल्यासारख्या. पाठीवरची कवचं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे उडणं त्याला शक्य नाही. चढतो मात्र उत्तम: भिंत, कुंडी, फळीची मांडणी, काहीही. स्ट्रॉबेरीवर याचे काही लहान चुलतभाऊही येतात, जेमतेम निम्म्या आकाराचे. त्यांचे उद्योग आणि उपाय जवळपास तेच.

रात्री तो पानाच्या कडेपासून आत खात जातो, त्यामुळे कडेला वेडेवाकडे खाचे पडतात. पानाच्या मधोमध भोक आणि शेजारी चकाकणारा चिकट माग असेल तर ती गोगलगाय. कडेलाच, पण कंपासने काढल्यासारखी सुबक अर्धवर्तुळं कापलेली असतील तर ती पान कापणारी मधमाशी. तिच्यामुळे झाडाचं काही बिघडत नाही, तिला राहू द्या.

खाचे दिसले म्हणजे झाड धोक्यात आहे असं नाही. प्रौढाच्या खाण्याने फळझाडाचं फारसं नुकसान होत नाही. खाचे ही फक्त सूचना आहे: माद्या आल्या आहेत आणि अंडी पडणार आहेत. ‘माद्या’ म्हटलं, कारण या जातीत नर नसतातच. प्रत्येक भुंगेरा मादी असते, मीलनाशिवाय अंडी घालते, आणि एका हंगामात कित्येक शे घालू शकते. कुंड्यांच्या ओळीत एक जरी शिरली तरी पुढच्या पिढीची सोय झाली. म्हणूनच ‘एकच तर दिसला’ असं म्हणून सोडून देऊ नये.

पायरी ३: किड्याचं वर्ष भिंतीवर लिहून ठेवा

पुढचे महिने उत्तर गोलार्धातले आहेत. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर सहा महिने सरकवून वाचा.

एप्रिल-मेच्या सुमारास अळ्या मातीत कोषात जातात. मे-जूनपासून भुंगेरे बाहेर पडतात. बाहेर आल्यावर लगेच अंडी घालत नाहीत. आधी तीन ते पाच आठवडे पानं खातात. हा काळ तुमच्या फायद्याचा आहे. यात मारलेला प्रत्येक भुंगेरा एकही अंडं न घालता गेलेला असतो. मग उन्हाळाभर, सप्टेंबरपर्यंत, अंडी मातीच्या पृष्ठभागावर आणि भेगांत पडत राहतात. दोन-तीन आठवड्यांत ती उबतात. लहान अळ्या खाली मुळांकडे जातात आणि शरद ऋतूपासून वसंतापर्यंत खात राहतात. झाड मान टाकतं ते बहुतेक शरदात किंवा वसंतात, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर.

काचघरात किंवा बंद गॅलरीत कुंड्या असतील तर हे गणित ढिलं पडतं. ऊब असल्यामुळे भुंगेरे लवकर निघतात, काही हिवाळाभर जिवंत राहून दुसऱ्या वर्षीही अंडी घालतात. तिथे टेहळणी लवकर सुरू करा.

पायरी ४: रात्री विजेरी घेऊन बाहेर पडा

हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि, माझ्या मते, सगळ्यात कमी लेखला गेलेला. मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत, अंधार पडून तासभर झाल्यावर कुंड्यांची फेरी मारा. एक युक्ती लक्षात ठेवा. सोंड्याला धक्का किंवा उजेड जाणवला की तो पाय आखडून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. काळ्या मातीत काळा किडा पडला की संपलं, सापडत नाही. म्हणून आधी झाडाखाली पांढरं फडकं पसरा किंवा उलटी छत्री धरा, फांदी एकदम हलवा, आणि मग विजेरी लावा. सापडलेले साबणाच्या पाण्यात टाका.

दिवसा ते लपून बसतात: कुंडीच्या काठाखाली, कुंडी आणि ताटलीच्या मधे, पालापाचोळ्यात, मांडणीच्या फटीत. कुंड्यांमध्ये नालीदार पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या किंवा लाकडाची फळकुटं ठेवली तर काही त्यांखाली आसरा घेतात. सकाळी उचलून बघायची, झटकायची, परत ठेवायची. यातून सगळे सापडतील अशी आशा करू नका, पण किती आहेत याचा अंदाज येतो.

अडथळेही करता येतात. कीटकांसाठीचा न सुकणारा चिकट डिंक किंवा तयार चिकट पट्टी कुंडीच्या बाहेरून, काठाच्या जरा खाली, पूर्ण वेढा येईल अशी लावा. कोवळ्या खोडावर थेट चिकट पदार्थ फासू नका, साल खराब होते. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर त्यावरच्या सगळ्या कुंड्या एकदम सुरक्षित होतात, मात्र खुद्द कुंडी पाण्यात उभी करायची नाही. हे सगळं निरुपयोगी ठरतं ते एका लोंबत्या पानामुळे. शेजारच्या झाडाचं पान किंवा भिंत कुंडीला टेकली की सोंड्याला पूल मिळाला. आठवड्यातून एकदा चिकट पट्टीवर साठलेली धूळ आणि पाचोळा बघा. त्यावरूनही तो चालत जातो.

तांब्याची पट्टी गोगलगाईंसाठी विकतात, भुंगेऱ्याला तिचं काही वाटत नाही. मातीवर खडी पसरणं दिसायला छान, पण त्यावर विसंबू नका.

पायरी ५: सूत्रकृमींची आळवणी

अळ्यांवरचा खरा उपाय हा: सूत्रकृमी पाण्यात कालवून ते पाणी कुंडीच्या मातीत ओतायचं, यालाच आळवणी म्हणतात. परजीवी सूत्रकृमी म्हणजे मातीत राहणारे अतिसूक्ष्म जंत. ते अळीच्या शरीरातल्या नैसर्गिक छिद्रांतून आत शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू सोडतात. अळी काही दिवसांत मरते, सूत्रकृमी तिच्यातच वाढतात आणि बाहेर पडून पुढची अळी शोधतात. माणसं, पाळीव जनावरं, पक्षी, मधमाश्या यांना त्यांचा उपद्रव नाही, आणि फळझाडांवर वापरायला ते योग्य आहेत. मूळ कुरतडणाऱ्या सूत्रकृमींबद्दल ऐकून धास्तावला असाल तर निश्चिंत राहा. हे वेगळे, झाडाला हात लावत नाहीत.

पाकीट घेताना नाव वाचा. स्टायनरनेमा क्राउसाय ही जात मातीचं तापमान ५ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आलं तरी काम करते. हेटरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा या जातीला ऊब लागते, माती किमान १२ ते १४ अंश असली पाहिजे. म्हणजे ऑगस्टअखेर दुसरी चालेल, पण ऑक्टोबर उजाडला की पहिलीच घ्या. तापमान हवेचं नाही, मातीचं बघायचं. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर कुंडीत बोटभर खोल खुपसून सकाळी वाचला तरी पुरे. मग तो स्वयंपाकाला वापरू नका, एवढंच.

सर्वांत चांगली वेळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरची सुरुवात. तेव्हा बहुतेक अंडी उबलेली असतात, अळ्या लहान असतात, मुळं अजून शाबूत असतात आणि माती उबदार असते. ही वेळ हुकली तर मार्च-एप्रिलमध्ये दुसरी संधी आहे, पण तोवर अळ्यांनी हिवाळाभर जेवून घेतलेलं असतं. जुलैत घाईने केलेली आळवणी बरीचशी वाया जाते, कारण सूत्रकृमी अळीला मारतात, अंड्याला नाही.

पाकीट आलं की मुदत तपासा आणि फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. आत जिवंत प्राणी आहेत, त्यांची फार दिवस साठवण करून ठेवता येत नाही. शंका असेल तर चिमूटभर मिश्रण काचेच्या वाटीत साध्या पाण्यात टाका, थोडा वेळ थांबा आणि भिंगातून बघा. वळवळ दिसली तर जिवंत आहेत.

आळवणीच्या दिवशी हा क्रम ठेवा:

१. सकाळी किंवा दुपारी कुंड्यांना नेहमीसारखं पाणी द्या. माती आधीच ओली हवी, कारण सूत्रकृमी मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत जातात. कोरड्या मातीत ते जागच्या जागी सुकतात.

२. ऊन उतरल्यावर पाकीट काढा. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते मरतात, म्हणून संध्याकाळ किंवा ढगाळ दिवस निवडा.

३. पाकिटावरच्या प्रमाणात साध्या तापमानाच्या पाण्यात ते कालवा. एका पाकिटाचे अनेक तुकडे करून ‘उरलेलं पुढच्या महिन्यात’ असा हिशोब करू नका. कालवलेलं पाणी त्याच वेळी संपवायचं.

४. झारीचं तोंड मोठ्या छिद्रांचं घ्या. पंप वापरणार असाल तर आतली बारीक जाळी काढून टाका, नाहीतर सगळे जाळीत अडकतील.

५. ओतताना झारी सतत ढवळत राहा, ते तळाशी बसतात. ढवळलं नाही तर पहिल्या कुंडीला नुसतं पाणी आणि शेवटच्या कुंडीला सगळी फौज मिळते.

६. सगळ्या कुंड्यांना द्या, फक्त आजारी दिसणाऱ्यांना नाही. पानांवर पडलेलं पाणी थोड्या साध्या पाण्याने मातीत धुऊन उतरवा.

पुढचे दोन आठवडे माती ओलसर ठेवा. ओलसर म्हणजे चिखल नव्हे, निचरा चालू राहिला पाहिजे. खालच्या ताटलीत पाणी साचवू नका.

परिणाम बघायला दोन-तीन आठवड्यांनी एखादी कुंडी उकरा. हेटरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली अळी लालसर तपकिरी होते, स्टायनरनेमाची पिवळट आणि लिबलिबीत. अनेकदा मेलेली अळी विरघळून गेलेली असते आणि काहीच सापडत नाही, तेही चांगलंच लक्षण. जिवंत, तुकतुकीत पांढऱ्या अळ्या मिळाल्या तर माती अजून पुरेशी उबदार असेतो पुन्हा आळवणी करा.

मेटारायझियम ही बुरशी हुमणीसाठी वापरतात हे शेतीशी संबंध असलेल्यांना माहीत असेल. तिच्या एका जातीचे दाणे सोंड्यासाठी कुंडीच्या मिश्रणात लावणीच्या वेळीच मिसळता येतात. मिळत असेल आणि तुमच्याकडे खाद्यपिकांसाठी मान्यता असेल तर नव्या लावणीला ती चांगली जोड आहे. मात्र तिलाही ऊब लागते, आणि आधीच अळ्यांनी भरलेल्या कुंडीत वरून टाकून फार काही होत नाही.

रासायनिक औषधांबद्दल थोडंसं

सोंड्यासाठी आळवणीची म्हणून दुकानात मिळणारी बरीच औषधं फक्त शोभेच्या झाडांसाठी असतात. ती आंतरप्रवाही असतात. मुळांतून शोषली जाऊन पानाफुलांत आणि फळांत जातात. लेबलवर तुमच्या फळाचं नाव नसेल तर ती कुंडीत घालायची नाहीत, प्रमाण कमी करूनही नाही. शोभेच्या झाडाच्या जुन्या कुंडीतली तशी माती पुन्हा स्ट्रॉबेरीला वापरणंही टाळा.

पायरी ६: लागण झालेलं रोप वाचवायचं असेल तर

गड्ड्याची सगळी माती ताटावर झटका. उरलेली बादलीभर पाण्यात मुळं हलक्या हाताने खळबळून काढा. बुंध्याच्या खोबणीत चिमट्याने शोधा, तिथे अळ्या दडून राहतात. मग झाड मुळांच्या मानाने लहान करा: ब्लूबेरी किंवा करंटच्या फांद्या छाटा, स्ट्रॉबेरीची जुनी पानं आणि आलेली फुलं काढून टाका. मुळं अर्धी गेली असताना फळांचा मोह धरला तर रोपही जातं.

नव्या, स्वच्छ मिश्रणात आणि आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. मोठ्या कुंडीतलं ओलं मिश्रण थोड्या मुळांना शोषून घेता येत नाही आणि ती कुजतात. ब्लूबेरीला आम्ल मिश्रणच हवं, सामू (पीएच) ४.५ ते ५.५ च्या दरम्यान. काही आठवडे सावलीत ठेवा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका.

स्ट्रॉबेरीचा गाभा मुळांशिवाय हातात आला, पण आतून कडक आणि पांढरट असेल, तर तो ओलसर मिश्रणात बुडापर्यंत खोचून वर पारदर्शक पिशवी घाला. कधी कधी नवी मुळं धरतो. त्यापेक्षा भरवशाचं म्हणजे निरोगी रोपाचे धावते फुटवे वेगळ्या कुंडीत, ताज्या मिश्रणात रुजवून घेणं. स्ट्रॉबेरी तशीही तीन वर्षांनी थकते. दरवर्षी काही रोपं नवी केली की किड्याची साखळीही मोडते.

नवीन रोपं आणि जुनी माती

सोंड्या उडत नाही, म्हणजे तुमच्याकडे तो बहुधा विकतच्या किंवा भेट आलेल्या रोपाच्या मातीतून येतो. नवं रोप आणलं की बाकीच्यांत मिसळण्याआधी कुंडीतून काढून गड्डा सगळीकडून बघा. शोभेच्या झाडांनाही सूट नाही: ह्युकेरा, प्रिम्युला, सायक्लेमेन, बेगोनिया, ऱ्होडोडेंड्रॉन ही सगळी या किड्याची घरं आहेत. फळांच्या कुंड्या निरोगी ठेवायच्या आणि शेजारच्या ह्युकेरात अळ्यांची पैदास चालू द्यायची, असं चालत नाही.

बेडूक, पक्षी, साळिंदरासारखे काटे असलेले छोटे हेजहॉग आणि जमिनीवर पळणारे शिकारी भुंगेरे अळ्या आणि प्रौढ दोन्ही खातात. त्यांना बागेत थारा मिळेल असा एखादा कोपरा राहू द्या. शिकारी भुंगेरेही काळेच, पण चकचकीत असतात आणि चपळ पळतात. सोंड्या संथ चालतो. रात्री चिरडण्याआधी एवढं बघून घ्या.

अळ्या सापडलेली माती दुसऱ्या कुंडीत भरू नका आणि खताच्या ढिगातही टाकू नका, तिथे उरलेल्या अळ्या जिवंत राहू शकतात. उघड्यावर पातळ थर करून पसरा, अधूनमधून उलथा आणि चार-पाच दिवस पक्ष्यांना वेचू द्या. नंतर ती कुंड्यांपासून लांब, गवताच्या पट्ट्यात किंवा मोठ्या झाडांच्या बुडाशी पसरून टाकली तरी चालते. रिकामी कुंडी पुन्हा वापरण्याआधी आतून आणि काठाखालून ब्रशने घासून धुवा. काठाच्या त्या वळणात एखादा भुंगेरा हमखास बसलेला असतो.